केल शिर्मरचं ढिलं कुंपण

कलंद्रा गावात केल शिर्मरशी बोलायला गेलं, की तो आधी डोळे बारीक करून तुमच्या खांद्यावरून लांब कुठंतरी बघतो. नव्या माणसाला वाटतं, म्हातारा मोठा विचारी आहे. जुन्यांना माहीत असतं, की तुमच्या मागचं कुंपण ओळंब्यात आहे की नाही, एवढंच तो बघतोय. ते नसलं, तर तुमच्या बोलण्याकडं त्याचं लक्ष लागणं अवघड.

चौदाव्या वर्षी त्यानं शाळा सोडली. शाळेनंही त्याला फार थांबवलं नाही. पुढची अठ्ठेचाळीस वर्षं त्यानं कुंपणं घातली. खड्डा खण, खांब पूर, तार ओढ, ताण, गाठ मार, पुढं सरक. मर्रान ओढ्यापासून पार टेकड्यांपर्यंत मेंढी जिथं म्हणून अडते, तिथं ती बहुधा केलच्या तारेला अडते.

ती तार केलची हे ओळखायला त्याला विचारावं लागत नाही. दोन तारा जोडताना सगळेच जण एकात एक फासे अडकवून गाठ मारतात आणि उरलेलं शेपूट तोडून मोकळे होतात. केल त्या शेपटाला एक जादा वेढा देतो आणि ते तारेच्या खालच्या अंगाला दाबून बसवतो, म्हणजे मेंढीची लोकर त्यात अडकत नाही. एका गाठीला अर्धं मिनिट जास्त. तीन किलोमीटरच्या कुंपणात अशा अर्ध्या अर्ध्या मिनिटांचा अख्खा दिवस होतो, आणि तो दिवस त्यानं दरवेळी हौसेनं घालवला. पंचक्रोशीतला कुठलाही शेतकरी डोळे मिटून तारेवरून बोट फिरवेल आणि सांगेल, ही केलची गाठ.

बासष्टाव्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला आणि केल घरी बसला. त्याची बायको मार्लीन हिच्या मते तो काळ दुष्काळापेक्षा वाईट होता. "आठवड्याभरात ह्यानं कोंबड्यांच्या खुराड्याभोवती असलं कुंपण घातलं," ती सांगते, "की अंडी आणायला मला शेजारणीच्या अंगणातून जावं लागायचं."

नेमकं त्याच वर्षी स्टेशनजवळच्या लोकरीच्या जुन्या गोदामात कलासंग्रहालय निघालं. दारावर 'कलंद्रा समकालीन कला संग्रहालय' अशी ऐसपैस पाटी लागली. एवढं लांब नाव घ्यायला गावाला वेळ नव्हता. गाव अजूनही त्याला गोदामच म्हणतं. संचालक म्हणून सिडनीहून ताम ह्विन नावाची तिशीतली, बुटकी, भरभर चालणारी बाई आली. ही किती दिवस टिकते यावर पबमध्ये पैजा लागल्या. त्यातल्या सगळ्यात उदार माणसानं तिला नाताळपर्यंत मुदत दिली होती. त्यानंतर सात नाताळ झाले.

केल तिथं पहिल्यांदा गेला तो सरकत्या दाराचं चाक बसवायला. चाक बसलं. निघताना त्याला भिंतीवरचं एक चित्र तिरकं दिसलं.

"हे मुद्दाम असं आहे?" त्यानं विचारलं.

"नाही," ताम म्हणाली. "आमच्याकडूनच वाकडं लागलंय."

"मग हातोडी दे."

त्या दिवसापासून गोदामातली प्रत्येक वस्तू टांगायला, उभी करायला, उतरवायला केल. पाणसळ न लावता, नुसत्या नजरेनं तो चित्र समतल लावतो. मेलबर्न-सिडनीचे कलाकार वस्तू पाठवतात तेव्हा खोक्यावर 'केलसाठी' असं लिहितात. खोक्यातून काही मोडकं आलं तर तो आधी एकच प्रश्न विचारतो, मुद्दाम आहे का? नसलं, तर दुपारपर्यंत दुरुस्त.

गोदाम गावाचं झालं ते मात्र उन्हाळ्यामुळं. चित्रांना थंड हवा लागते म्हणून तिथं मोठी यंत्रं बसवलेली, आणि जानेवारीत, इकडच्या ऐन उन्हाळ्यात, बाहेर पंचेचाळीस अंश. गावातल्या म्हाताऱ्या विणकाम घेऊन आत येऊन बसायला लागल्या. दुसऱ्या एखाद्या संचालकानं त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला असता. तामनं खुर्च्या मांडल्या. कुठं मांडायच्या, तर प्रत्येक कलाकृतीशेजारी एक. मग तिनं सांगितलं, की दर शनिवारी ज्या खुर्चीत जो बसेल, त्यानं शेजारच्या वस्तूबद्दल येणाऱ्याशी बोलायचं. काय वाटेल ते. कळत नसलं तर कळत नाही म्हणायचं. आता शहरातून लोक गाड्या काढून येतात ते निम्मे चित्रं बघायला आणि निम्मे खाटकाची बायको त्यांच्याबद्दल काय म्हणते ते ऐकायला. चारशे चिनीमातीच्या किटल्यांची भिंत आली होती, तेव्हा तिच्याशेजारी केल बसला होता. "मला ह्यातलं कळत नाही," तो येईल त्याला सांगत होता. "पण चारशेतली एकही गळत नाही. मी पाणी घालून बघितलंय."

तर असा हा केल गेल्या मार्चमध्ये गुडघा बदलून घ्यायला वॅगाच्या मोठ्या इस्पितळात गेला आणि पाच आठवडे तिथंच लेकीकडं अडकला. त्याच्या माघारी गोदामात नवं प्रदर्शन उभं राहिलं. हेस्टर क्वेल नावाच्या मेलबर्नच्या बाईचं. दोन वर्षांपूर्वी मर्रान ओढ्याला पूर आला आणि नूनन यांच्या रानातलं कुंपण आडवं झालं. रान पुढं विकलं गेलं, नवे मालक ते कुंपण उपटून टाकत होते. हेस्टरनं त्यातलं चाळीस मीटर मागून घेतलं. प्रत्येक खांबाला नंबर घातला, तारांत अडकलेला पुराचा कचरासुद्धा पिशव्यांत भरून घेतला, आणि तिच्या दोन माणसांनी खांब लोखंडी बैठकींना बोल्टनं आवळून ते सगळं रानात पडलं होतं तसं मोठ्या दालनात पुन्हा उभारलं. कललेले खांब, लोंबणाऱ्या पाच तारा, त्यांत लव्हाळं, खताची फाटकी पोती, गुडघ्यापर्यंतचा एक रबरी बूट. शनिवारी उद्घाटन. हेस्टर शुक्रवारी येणार होती.

सोमवारी गोदाम बंद असतं. सोमवारीच केल काठी टेकत आला, किल्लीनं दार उघडलं आणि मोठ्या दालनात गेला.

त्याला धक्का वगैरे बसला नाही. सात वर्षांत त्यानं जळक्या गाड्या टांगल्या होत्या. तो नेहमीच्या सवयीनं जवळ गेला आणि वरच्या तारेवरून बोट फिरवलं. बोट थांबलं. तारेच्या खालच्या अंगाला एक दाबून बसवलेलं शेपूट होतं.

त्यानं चष्मा लावला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. तेवीस गाठी. तेवीसच्या तेवीस त्याच्या.

मग तो मागच्या शेडमध्ये गेला आणि तार ताणायचं जुनं अवजार घेऊन आला. दोन चिमटे, मधे साखळी.

मंगळवारी सकाळी ताम आली तेव्हा केल दालनाची फरशी झाडत होता. त्याच्या मागं चाळीस मीटर कुंपण उभं होतं. खांब पट्टीनं आखल्यासारखे, पाचही तारा एकमेकींना समांतर. लव्हाळ्याची काडी नाही. सगळा कचरा एका हातगाडीत नीट रचून शेडमध्ये ठेवलेला. फेकून देणं केलच्या स्वभावातच नाही.

"केल," ताम म्हणाली.

"हं."

"हे कुंपण सरळ उभं आहे."

"वरच्या तारेवर टिचकी मारून बघ. वाजते."

तामनं टिचकी मारली नाही. ती जवळच्या खुर्चीत बसली. "अरे, ते ढिलं असणं हीच तर कलाकृती होती."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"सात वर्षं आहे मी इथं, ताम. कचऱ्याला कला म्हणा, माझी काही हरकत नाही. पण हा कचरा माझा आहे." त्यानं तिचं बोट धरून गाठीवर ठेवलं. "ही हातात घेतली की ह्या भागातला कुणीही सांगेल, कुणाची. शनिवारी सगळी पंचक्रोशी येणार. प्रत्येक जण आधी गाठ बघणार, मग लोंबणारी तार बघणार आणि मग वळून माझ्याकडं बघणार. अठ्ठेचाळीस वर्षं कुंपणं घातली मी. त्यातलं एक पडलेलं इथं दिवे लावून तीन महिने ठेवणार तुम्ही."

"मला विचारायचंस तरी. दरवेळी विचारतोस."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"अर्थात!"

"म्हणून नाही विचारलं."

ताम उठली. ती बाहेर जाऊन हेस्टरला फोन लावून आली. फोनवर ती पाच मिनिटं नुसती "हो" म्हणत होती. हेस्टर दुसऱ्याच दिवशी येते म्हणाली.

कलंद्रात बातमी पायी फिरत नाही. संध्याकाळी केल पबमध्ये शिरला तेव्हा ती त्याच्या आधी पोचून एक ग्लास संपवून बसली होती. त्याच्या नेहमीच्या स्टुलाशेजारी बॉइड ट्रिझाइस होता. बॉइडही कुंपणवाला. ऐंशीच्या दशकात दोघं भागीदार होते. मग बॉइडनं खांब ठोकायचं यंत्र घ्यायचं ठरवलं, केल पहारीवर अडून बसला, आणि भागी फुटली. तेव्हापासून दोघं एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत आणि शेजारी बसल्याशिवाय दोघांच्याही घशाखाली बिअर उतरत नाही.

"या, या," बॉइड म्हणाला. "ऐकलं, तू म्युझियममध्ये लागलास म्हणे. मला वाटायचं तिथं मेल्यावर घेतात."

"पुढं सरक."

"तुझ्या तारा लोंबत होत्या म्हणे, वाळत घालायच्या दोरीसारख्या. मार्लीनला सांग, चादरी तिकडंच घेऊन जा."

पबमधली पंधरा-वीस डोकी हसली. केलनं ग्लास तोंडाला लावला.

"पूर आला तेव्हा मेंढ्या म्हणे त्यावर झोका घेत होत्या," बॉइड म्हणाला.

आणखी हशा. केलनं ग्लास संपवला आणि काठी घेऊन उठला. एरवी एका टोमण्याला दोन परत करणारा माणूस नुसता उठून गेला, तेव्हा बॉइडचाही चेहरा जरा उतरला. पण तोवर दार बंद झालं होतं.

घरी मार्लीननं सगळं ऐकून घेतलं आणि कोकराच्या मटणाची ताटली त्याच्यापुढं आदळली.

"आणि तू गप्प बसलास? नूननच्या रानातलं ना ते? चौऱ्याऐंशी सालचं? तेव्हा तुमची भागी होती. तारा तू ओढल्यास, खांब त्यानं पुरले. मला चांगलं आठवतंय, मी डबा घेऊन यायची."

"हो."

"तार का ढिली पडली? खांब उपटले म्हणून. खांब कुणाचे?"

"मार्लीन, चाळीस वर्षं झाली त्याला."

"गाठींनाही चाळीसच झाली. त्यांची लाज वाटतेय ना तुला?"

"गाठीवर नाव असतं. खांब कुणी पुरला ते कुणाला दिसतं?"

"म्हणून तर म्हणते, सांग!"

केलनं मटणाचा एक तुकडा कापून बाजूला सारला. "त्याला घरी आहे कोण?" तो म्हणाला. "एक कुत्रा. तोही बहिरा. पबमध्ये येऊन मला चार शब्द सुनावतो, तेवढाच त्याचा दिवस जातो. तेही काढून घेऊ?"

"आणि तुझं नाव?"

"बघू," केल म्हणाला. पण त्यानं पुडिंग घेतलं नाही, आणि मार्लीनला एवढं पुरेसं होतं. ती काळजीत पडली.

बुधवारी दुपारी हेस्टर आली. पन्नाशीची, उंच, तांबड्या केसांची बाई. दालनाच्या दारातच थांबली. केल टोपी हातात घेऊन उभा होता, ताम दोघांच्या मधे. हेस्टर सावकाश कुंपणाजवळ गेली आणि वरच्या तारेवर टिचकी मारली. तार वाजली. छान वाजली.

"फार सुंदर काम आहे," हेस्टर म्हणाली. "आणि मला रडू येतंय."

"माझं चुकलं," केल म्हणाला. "विचारायला हवं होतं. दुसऱ्याच्या कामाला हात लावला मी. तुम्ही काय बोलायचं ते बोला."

बोलायचं ठरवून तीनशे मैल गाडी चालवत आलेल्या माणसाची यानं फार पंचाईत होते. हेस्टरनं मग खिशातून फोन काढला. "हे असं होतं," ती म्हणाली. "हे बघा. आता हे कसं परत करायचं?"

केलनं चष्मा लावून फोटो बघितला. मग फोन लांब धरून बघितला. मग डोळे बारीक केले.

"हे कुणी लावलं?"

"माझ्या माणसांनी. का?"

"पाणी कुठून आलं होतं?"

"ओढ्याकडून."

"मग हा कचरा बघा. पाणी येतं त्या अंगाला कचरा अडतो. आणि कुंपण कलतं कुठं? पाणी जातं तिकडं, पलीकडं. तुमच्या फोटोत कचरा अलीकडं आणि कुंपणही अलीकडंच कललंय. पाणी यायला लागलं, आणि हे आपण होऊन त्याच्या स्वागताला पुढं वाकलं, असं दिसतंय."

हेस्टरनं फोन परत घेतला आणि रानातले जुने फोटो शोधायला लागली. एक सापडला. ती त्याच्याकडं बघत राहिली. तिचे कान लाल झाले.

"मीच तसं कलवायला सांगितलं," ती म्हणाली. "दारातून आलं की अंगावर येतंय असं वाटावं म्हणून."

"वाटलं असेल. चांगलंही दिसलं असेल," केल म्हणाला. "पण शनिवारी इथं दोनशे माणसं येणार. त्यातल्या दीडशेंनी स्वतःच्या कुंपणातून असला कचरा हातानं काढलाय. ती दारातच हसली असती. मग पुढचं तुमचं कुणी ऐकलं नसतं."

ताम छताकडं बघत होती. सात वर्षांत तिनं कलाकाराला कुंपणाची चूक दाखवणारा माणूस बघितला नव्हता, आणि आता बघितला तर तो तिच्याच गोदामातला होता.

"परत ढिलं करून द्याल?" हेस्टरनं विचारलं. "खरंखुरं. पडलं होतं तसं."

केलनं चष्मा काढून खिशात ठेवला.

"गाठींचं तामनं मला सांगितलंय," हेस्टर म्हणाली. "तुम्हाला नको असेल तर गाठी कापून टाका. तिथं दुसऱ्या कुणाच्या पद्धतीनं जोड द्या. मला चालेल. कुणाला कळणार नाही."

केल तारेजवळ गेला. पक्कड त्याच्या खिशातच असते. एका गाठीवर त्यानं अंगठा ठेवला, पुढच्या गाठीवर ठेवला, तिसरीवर ठेवला. तामला वाटलं, आता कापणार.

"नको," तो म्हणाला. "मग ते ओढ्यावरचं कुंपण राहणार नाही. पण लावायचं तर बरोबर लावायचं. पाण्यानं पाडलं तसं. निदान तुम्हाला तरी कुणी हसेल अशी जागा ठेवायची नाही."

"मला हेस्टर म्हण."

"बरं. मग हेस्टर, तो मोठा पाना दे इकडं."

ताणलेली तार ढिली करायला काय लागतं, असं कुणालाही वाटेल. दोन दिवस लागले. केल स्टुलावर नवा गुडघा सरळ ठेवून बसायचा आणि हेस्टर फरशीवर पालथी पडून बोल्ट फिरवायची. पाचही तारा सारख्या ढिल्या करून चालणार नव्हतं. सगळ्यात खालची गाळात रुतलेली असते, ती फार लोंबत नाही. मधल्या दोघींनी कचऱ्याचं वजन पेललेलं, त्यांच्या पोटात झोळ पडलेला. सातवा खांब एका झाडाच्या मुळाला टेकलेला होता. तो इतरांपेक्षा कमी कलला पाहिजे. हे सगळं केल रानातल्या फोटोवरून थोडं आणि हातावरून बरंचसं सांगत होता. हातगाडीतला कचरा हेस्टर एक एक करून आणत होती. बूट कुठं होता हे तिला पक्कं आठवत होतं, आणि तो टाचेवर लटकलेला होता की बोटांवर, यावर दोघांचं अर्धा तास वाजलं. शेवटी फोटोत टाच निघाली. हेस्टर जिंकली आणि फार खूश झाली.

ताण सोडताना मात्र केल प्रत्येक तारेला मान फिरवायचा. साखळीचा कर्र असा आवाज यायचा, तार खाली यायची, आणि मग तो वळून बघायचा.

"एवढं वाईट वाटतंय?" हेस्टरनं एकदा विचारलं.

"तू तुझं चित्र फाडून बघ," केल म्हणाला. "नाही, नको बघू. तू फाडशीलही, आणि ही ताम ते भिंतीवर लावायला सांगेल मला."

शनिवारी दुपारी दोनला दार उघडलं. कलंद्रात कुठंही जाताना प्रत्येकाच्या हातात एक झाकलेली ताटली असते. तासाभरात दालनाबाहेरच्या लांब टेबलावर केक, अंड्याचे सँडविच आणि सॉसेज रोल यांची दाटी झाली. लोक खात खात आत येत होते. आधी लांबून बघत होते, मग जवळ येऊन कचरा बघत होते, मग कल बघत होते. "ओढ्याकडून आलंय पाणी," कुणीतरी आपल्या बायकोला म्हणालं. हेस्टरनं ऐकलं आणि खांबाआडून केलकडं बघितलं.

केल खुर्चीत बसला होता. इस्त्रीचा शर्ट, नवा गुडघा पुढं. सकाळी मार्लीन म्हणाली होती, आज तिथं बसू नकोस, दुसरं कुणी बसेल. त्यावर तो म्हणाला होता, दुसऱ्या कुणाला ह्यातलं काय माहीत आहे?

हळूहळू बोटं तारेवरून फिरायला लागली. एक बोट थांबलं, मग दुसरं. कुजबूज झाली. माणसं वळून खुर्चीकडं बघायला लागली, अगदी केल म्हणाला होता त्याच क्रमानं. दालनातली पाऊणशे माणसं खुर्चीभोवती गोळा झाली.

केल उठला नाही. त्यानं घसा साफ केला.

"हे नूननच्या रानातलं कुंपण," तो म्हणाला. "चौऱ्याऐंशी साली घातलं. तारा माझ्या, ताण माझा, गाठी माझ्या. दोन वर्षांपूर्वी पुरात पडलं. विचारायचं ते विचारा."

"आणि खांब, केल?" पुढं उभ्या असलेल्या एका शेतकऱ्यानं विचारलं. "खांब तर मुळासकट गेलेत."

मार्लीननं मागून जोरात खाकरून घेतलं. केलनं तिच्याकडं बघितलं नाही.

"पाणी इथवर होतं," त्यानं हात छातीला लावला. "एवढ्या पाण्यात कुणीही पुरलेले खांब गेले असते."

"थापा मारतोय."

गर्दी बाजूला झाली. बॉइड ट्रिझाइस, एका हातात सॉसेज रोल. तो त्यानं शेजारणीच्या ताटलीत ठेवला, हात पँटला पुसले आणि कुंपणाच्या टोकाशी जाऊन वाकला. पहिली गाठ चिमटीत धरून ओढली. दुसरी ओढली. हेस्टर पुढं व्हायला लागली, तामनं तिचा दंड धरला. बॉइड सत्तरीचा, कंबर धरलेली. खालच्या तारेच्या गाठींसाठी त्याला फरशीवर हात टेकून रांगावं लागलं. कुणी हसलं नाही. चाळीस मीटर रांगत-वाकत तो दुसऱ्या टोकाला पोचला आणि खांबाला धरून उठला.

"तेवीस," तो म्हणाला. "एक सुटलेली नाही. एक सरकलेलीसुद्धा नाही."

मग तो हेस्टरकडं वळला.

"बाई, तुम्ही लिहून घ्या. पाणी कमरेपर्यंत होतं. मी स्वतः त्यातनं नूननच्या मेंढ्या काढल्यात. आणि खांब मी पुरले. तीन फूट पुरायला पाहिजेत ते सव्वादोन फूट पुरले. खाली दगड लागला, आणि शुक्रवार होता, पबला जायचं होतं."

केलनं काठी फरशीवर आपटली.

"दगड नव्हता," केल म्हणाला.

"दगड होता!"

"एका खड्ड्यात होता. बाकीच्यांत शुक्रवार होता."

छपराचे पत्रे हलतील असा हशा झाला. बॉइडही हसला, पण डोळे पुसत. तामनं दुसरी खुर्ची आणून केलच्या शेजारी ठेवली आणि बॉइडनं तिच्यात बसकण मारली.

"तरी पाणी कमरेपर्यंतच होतं," तो म्हणाला.

"कुणाच्या कमरेपर्यंत?" मागून कुणीतरी ओरडलं. "आमच्या घरात इथवर होतं!"

"आमच्या शेडमध्ये मांडीला!"

"काय सांगतोस, तुमची शेड तर खाली आहे!"

आणि मग ज्याला त्याला आपापलं पाणी आठवलं. माणसं उठून उभी राहायला लागली. कुणी हात गुडघ्याला लावला, कुणी मांडीला, खाटकाच्या बायकोनं गळ्याला. विणकाम करणाऱ्या म्हाताऱ्यांनी सुया खाली ठेवल्या आणि त्याही उठल्या. प्रत्येक जण शेजाऱ्याला आपली खूण दाखवत होता, शेजारी त्याला खोटं ठरवत होता. हेस्टर भिंतीला पाठ लावून उभी होती आणि तिला कुठं बघू, कुठं नको असं झालं होतं.

"तू ऊठ," बॉइड केलला म्हणाला. "उठून सांग सगळ्यांसमोर. कुठवर होतं?"

केल काठी टेकत उठला. गुडघा सरळ केला. हात छातीला लावला, आणि बॉइड कितीही ओरडला तरी तो त्यानं तिथून खाली आणला नाही.